माघ बिहूचं सामान: काय मागवावं, काय इथेच घ्यावं

डिसेंबर अर्धा सरला की आसामी खाद्यपदार्थ विकणारी ऑनलाइन दुकानं माघ बिहूचे, म्हणजे आसामातल्या सुगीच्या सणाचे, डबे विकायला काढतात. डब्यात साधारणपणे तिल पिठा (तांदळाच्या पिठाच्या पापुद्र्यात तीळ-गुळाचं सारण), तळलेला घिला पिठा, तिळाचे आणि नारळाचे लारू (लाडू), चिरा (पोहे), सांदहगुरी (भाजलेल्या तांदळाचं पीठ), कोमल साऊल (न शिजवता खायचा तांदूळ), गुळाची बाटली आणि वर घडी घातलेला गामोसा (लाल नक्षीचं आसामी पांढरं वस्त्र) असतो. संक्रांतीला तिळगुळाच्या जोडीला काही वेगळं हवं म्हणून मागवायचा विचार असेल तर निकाल आधीच सांगतो: अख्खा डबा घेऊ नका. तांदूळ घ्या, लारू घ्या. बाकीचं बरंचसं कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतं. आणि ज्या तिल पिठाच्या फोटोवर हा डबा खपतो, तोच त्यातला सगळ्यात बेभरवशाचा जिन्नस आहे.

ब्रँडांची क्रमवारी इथे लावलेली नाही. हे सामान बरंचसं छोट्या गृहउद्योगांतून आणि बचत गटांतून येतं, त्यामुळे लेबल तेच राहतं आणि खेपेगणिक माल बदलतो. नाव पाठ करण्यापेक्षा माल पारखता आला तर पैसे वाचतात.

आधी हंगामाचं पाहू, कारण कधी मागवायचं ते त्यावर ठरतं. आसामात बिहू तीन. एप्रिलच्या मध्याला बोहाग किंवा रंगाली, ऑक्टोबरच्या मध्याला काती किंवा कंगाली, आणि जानेवारीच्या मध्याला, आपल्या संक्रांतीच्या सुमारास, माघ किंवा भोगाली. कातीला साली, म्हणजे हिवाळ्यात कापायचं, भात अजून शेतात उभं असतं आणि कोठार रिकामं. त्या दिवशी तुळशीपाशी आणि शेताच्या बांधावर पणत्या लावतात, उंच बांबूला आकाशबंती, म्हणजे आकाशदिवे, टांगतात. मेजवानीचा तो सणच नव्हे. ऑक्टोबरात कुणी ‘काती बिहू स्पेशल फराळ’ विकत असेल तर ती निव्वळ दुकानदारी समजावी. भात कापून, झोडून घरात आलं की मग माघ बिहू. आदल्या रात्री, म्हणजे उरुकाला, कापणी झालेल्या शेतात पेंढा-बांबूचं भेलाघर उभारून सामुदायिक जेवण होतं, पहाटे आंघोळ करून मेजी, म्हणजे लाकूड-बांबूची होळी, पेटवतात, आणि त्यानंतर घरोघर जलपान (दही-गुळासोबत पोहे, कोमल साऊल असा फराळ) आणि पिठे.

म्हणजे पिठ्यांसाठी लागणारा नवा तांदूळ नोव्हेंबर-डिसेंबरात निघतो. ऑक्टोबरात सवलतीत मिळणारा बोरा, म्हणजे पिठ्याचा चिकट तांदूळ, गेल्या वर्षीचा असतो आणि पावसाळा काढून आलेला असतो. पाकिटावर फक्त पॅकिंगची तारीख छापलेली असते, ती पाहून काही कळत नाही. पीक कुठल्या वर्षाचं, हे सरळ विचारा. मागणी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नोंदवा. जानेवारीचा पहिला आठवडा उलटल्यावर मागवलेला डबा संक्रांतीनंतर हातात पडला तर कुरियरवाल्याला दोष देऊ नये.

बोरा साऊल: नक्की घ्या, पण पीठ नको, अख्खा दाणा घ्या

सगळ्या खेळाचा पाया हाच. बोरा हा चिकट तांदूळ. तांदळाच्या स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन भाग असतात. बोरामध्ये अमायलोज जवळजवळ नसतंच. त्यामुळे ओलसर पीठ तापलं की दाणे एकमेकांना धरतात आणि तेल, अंडं, मैदा असं काहीही न घालता त्याचा पापुद्रा तयार होतो. आंबेमोहोराने हे होत नाही. इंद्रायणीचा भात चिकट होतो म्हणून पुष्कळजण त्याचं पीठ वापरून बघतात. तव्यावर त्याचा पापुद्रा धरतो न धरतो तोच दुमडताना मधोमध मोडतो.

बोराच्या नावाखाली साधा तांदूळ किंवा मिसळ गळ्यात मारली जाते, तेव्हा पारख अशी: दाणा उजेडासमोर धरा. साधा तांदूळ अर्धपारदर्शक दिसतो, बोरा खडूसारखा पांढराफटक आणि अपारदर्शक. मूठभर दाण्यांत दहा-बारा काचेसारखे दिसले तर मिसळ आहे. एवढ्यावर समाधान झालं नाही तर दहा-पंधरा दाणे कुटून चमचाभर पाण्यात कालवा आणि वर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. साध्या तांदळाचं पाणी निळं-काळं होतं, बोराचं तांबूस तपकिरी. मिश्रण फेकून द्या आणि वाटी घासून ठेवा.

तयार बोरा पीठ मात्र अजिबात घेऊ नका, ते कितीही बारीक आणि पांढरं असलं तरी. पाकिटात टिकावं म्हणून ते पूर्ण वाळवलेलं असतं आणि पिठ्याला लागतं ते भिजवलेल्या तांदळाचं ओलसर पीठ. कोरड्या पिठात वरून पाणी शिंपडून चालतं असं विक्रेते सांगतात. प्रत्यक्षात पाणी काही दाण्यांतच शिरतं, बाकीचे कोरडे राहतात, आणि पिठ्यावर पांढरे ठिपके आणि भेगा पडतात. अनारशासाठी तांदूळ भिजवून ओलसरच कुटतो, त्यातलं मर्म ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

आसामचा बोरा मिळालाच नाही तर मोठ्या शहरांत थाय पदार्थांच्या सामानात मिळणारा चिकट तांदूळ चालतो. वास थोडा वेगळा येतो, काम तेच होतं.

तयार तिल पिठा: दिसतो छान, पोचतो वाईट

तिल पिठा मुळात टिकाऊ आहे. थंडीच्या कोरड्या हवेत, घट्ट झाकणाच्या डब्यात तो पंधरवडाभर नीट राहतो. अडचण प्रवासाची. पापुद्रा पातळ आणि ठिसूळ, त्यामुळे खालच्या थरातले पिठे चुरा होऊन येतात. वर मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत पाकीट उघडलं की काही तासांत पापुद्रा चामट होतो. ज्यांनी हे ओळखलंय ते पिठे कडक राहावेत म्हणून पिठात साधं तांदळाचं पीठ किंवा मैदा मिसळतात. मग मोडत नाही, पण चाववतही नाही.

घ्यायचाच असेल तर काय पाहावं? पापुद्रा पांढरा, किंचित करडा हवा. तपकिरी डाग म्हणजे तवा जास्त तापलेला. दोन्ही टोकांशी काळं सारण दिसलं पाहिजे. टोकं रिकामी असतील तर मधेही हात आखडलेला असतो. पाकिटावर तीन महिन्यांची मुदत छापली असेल तर सोडून द्या. भाजून कुटलेल्या तिळातलं तेल उघडं पडलेलं असतं, ते काही आठवड्यांत खवट होतं. मग मुदत तीन महिन्यांची असो की सहा. चामट झालेला पिठा मंद तव्यावर अर्धा मिनिट कोरडा गरम केला तर बरा होतो. मायक्रोवेव्हमध्ये रबर होतो.

त्यापेक्षा घरी करावा. सामानाचा खर्च डब्याच्या मानाने किरकोळ आहे आणि चुका होतात त्या ठरलेल्याच.

अर्धा किलो बोरा दोन-तीन पाण्यांतून धुऊन रात्रभर भिजवा. सकाळी चाळणीत तासभर निथळू द्या; पंख्याखाली कापडावर वाळवू नका. आसामात तो ढेकीत, पायाने चालवायच्या लाकडी उखळात, कुटतात. ढेकीत पीठ तापत नाही, हे तिचं खरं वैशिष्ट्य. मिक्सर तापतो आणि पिठातलं पाणी उडवतो, म्हणून एका वेळी मूठभरच तांदूळ घाला, थांबत थांबत फिरवा, भांडं कोमट लागलं की विश्रांती द्या. मैद्याच्या चाळणीतून पीठ हाताने दाबत चाळा आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा. मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर मोडला पाहिजे. वळलाच नाही तर पीठ कोरडं आहे. टोचूनही मोडत नसेल तर ओलं. कोरड्याला पाण्याचा हबका मारून, चोळून पुन्हा चाळता येतं. ओल्याला थोडा वेळ उघडं ठेवण्यावाचून इलाज नाही.

सारणाला पाव किलो काळे तीळ आणि दीड-दोनशे ग्रॅम गूळ. तीळ धुऊन, वाळवून मंद आचेवर भाजा. काळ्या तिळाचा रंग बदललेला कळत नाही, ही यातली खरी अडचण; त्यामुळे कानाने भाजायचे. तडतड सुरू होऊन ती कमी होऊ लागली की दोन दाणे चिमटीत चुरडून वास घ्या आणि उतरवा. तडतड पूर्ण थांबेपर्यंत थांबलात तर कडू. मग जाडसर कुटा. मिक्सर सलग फिरवला तर तेल सुटून लगदा होतो आणि तो पिठ्यात भरता येत नाही. कोरडा चिक्कीसारखा कडक गूळ नको, पण ओला तर मुळीच नको. किसता येईल इतपत हवा. संत्र्याची वाळवलेली साल कुटून चिमूटभर घातली तर आसामी घरातला खरा वास येतो. डब्यातल्या पिठ्यांत ती क्वचितच सापडते.

तवा लोखंडी, स्वच्छ, कोरडा. तेलाचं बोट लावायचं नाही. तेल लावलं की पीठ तव्यावर घसरतं आणि चकती धरत नाही. मंद ते मध्यम आचेवर दोन मोठे चमचे पीठ टाकून वाटीच्या बुडाने चार इंचांची गोल चकती पसरवा. पिठातलं पाणी वाफ होऊन तांदळाचे कण एकमेकांत मिसळतात. तवा फार तापला तर पसरवण्याआधीच पीठ धरतं आणि कडा उचलल्या जातात. फार थंड असला तर पाणी हळूहळू उडून जातं आणि तव्यावर नुसती भुकटी उरते. पहिली चकती बिघडणारच, तिच्यावरून आच ठरवा. मधोमध सारणाची एक रेघ घाला, अर्ध्या मिनिटात कडा सुटू लागल्या की उलथण्याने एक बाजू सारणावर दुमडा, मग दुसरी, वरून हलकं दाबा आणि काढा. प्रत्येक पिठ्याआधी तवा कोरड्या फडक्याने पुसायचा. राहिलेली भुकटी जळून पुढच्याला चिकटते. गरम पिठे एकावर एक रचू नका, वाफेने एकमेकांना धरतात. अर्धा किलोत साधारण तीसेक पिठे होतात.

कोमल साऊल: सगळ्या डब्यातली सर्वात चांगली खरेदी

न शिजवता खाण्याचा तांदूळ. जाहिरातीत ‘जादूचा तांदूळ’ म्हणतात, पण त्यात जादू नाही. कमी अमायलोजचं चकुआ किंवा बोका जातीचं भात भिजवून, उकडून, वाळवून मग सडतात. म्हणजे दाणा आधीच शिजलेला असतो, तुम्ही फक्त त्याला पाणी परत देता. पश्चिम आसामातल्या नलबारी-बरपेटा भागातल्या बोका साऊलला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

एक वाटी तांदूळ, तीन वाट्या पाणी. साध्या पाण्यात सुमारे तासभर, कोमट पाण्यात वीसेक मिनिटं. निथळून दही, गूळ आणि केळं, किंवा नुसतं दूध-गूळ. उकळतं पाणी ओतू नका, बाहेरून लगदा आणि आत कणी राहते. रात्रभर भिजत ठेवलात तर दाणे फुटतात. दोन तासांनीही दाताखाली कचकन लागत असेल तर तुम्हाला उकडा न केलेला कच्चा तांदूळ पाठवलाय. तो परत करा, भिजवत बसू नका. कुबट वास आला तर जुना माल. प्रवासात, ट्रेकला, गॅस संपलेल्या सकाळी याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही, त्यामुळे डब्यातलं अर्धा किलो घेण्याऐवजी सुटं दोन किलो मागवलं तर कुरियरचा खर्चही वसूल होतो.

बाकीचं, भराभर

चिरा म्हणजे पोहे. ब्रह्मपुत्रेकाठाहून कुरियरने पोहे आणवण्यात काय हशील? कोकणातले जाडे किंवा लाल पोहे घ्या, दह्यात भिजवा. आखोई म्हणजे साळीच्या लाह्या, लक्ष्मीपूजनाला आणतो त्याच. दिवाळीतल्या उरलेल्या नको, ताज्या घ्या. मुरी म्हणजे कुरमुरे. यावर आणखी काय लिहायचं.

सांदहगुरी, म्हणजे भाजलेल्या तांदळाचं पीठ, घेण्यापेक्षा घरी होतं: मागवलेल्या बोरातली वाटीभर कोरडी खमंग भाजून जाडसर दळा. विकतच्या सांदहला बहुतेक वेळा भाजल्याचा वासच उरलेला नसतो. हुरूम, म्हणजे बोराच्याच भाताचा फुलवलेला प्रकार, मात्र इथे मिळत नाही आणि घरी जमत नाही. यादीत दिसला तर डोळे मिटून घ्या.

तिळाचे लारू प्रवास उत्तम सोसतात आणि चवीला आपल्या लाडवांपेक्षा गडद असतात, कारण तीळ काळे. महाराष्ट्रात काळे तीळ पितरांच्या कामाला, म्हणून घरातली वडीलधारी मंडळी नाक मुरडतील. त्यांच्यासाठी पांढऱ्या तिळाची वडी आहेच. नारळाच्या लारूंचं तसं नाही. खोबरं पुरेसं आटवलेलं नसेल तर आठवड्यात आंबूस होतं. पाकिटाच्या आत ओलसर दव दिसला की घेऊ नका.

घिला पिठा तांदूळ आणि गुळाच्या पिठाचा तळलेला. घरचा गरमागरम उत्तम, पण डब्यात येईपर्यंत तळणीच्या तेलाचा वास लागतो. वगळा.

गूळ तिकडे बऱ्याचदा पातळ मिळतो आणि बाटलीत येतो. आपली काकवी त्याच जातीची आहे, कोल्हापूर-सांगलीकडची चांगली काकवी असेल तर तो मागवायची गरज नाही. बाटलीचं झाकण फुगलेलं किंवा वर फेस असेल तर तो आंबलाय. आणि काकवी असो की त्यांचा गूळ, पातळ गूळ तिल पिठाच्या सारणात घालू नका. पापुद्रा भिजून फाटतो. तो जलपानावर ओतण्यासाठी.

दही डब्यात येत नाही, पण जलपानाचा अर्धा जीव त्यात आहे. म्हशीच्या दुधाचं, मडक्यात विरजलेलं घ्या. गोड ‘योगर्ट’ नको.

सुंगा साऊलचं किट: पैसे वाया

बांबूच्या नळीत भाजलेला बोरा म्हणजे सुंगा साऊल. याची किट विकतात: पाव किलो बोरा, दोन बांबूच्या नळ्या, केळीचं वाळकं पान. तांदूळ ठीक, नळ्या बिनकामाच्या. सुंगाला कोवळा, हिरवा, त्याच दिवशी तोडलेला बांबू लागतो. त्याच्या ओलाव्यात तांदूळ वाफवला जातो आणि आतल्या पातळ पापुद्र्याचा वास त्याला लागतो. वाळलेली नळी आगीवर तडकते, मग पेट घेते. बांबू कीड लागू नये म्हणून बोरॅक्ससारखी रसायनं लावूनही विकला जातो, त्यामुळे शोभेच्या किंवा फर्निचरच्या बांबूत तर कधीच शिजवू नका.

गावाकडे हिरवा बांबू मिळत असेल तर एका बाजूचं पेर शाबूत ठेवून कापा, रात्रभर भिजवलेला बोरा नळीच्या तीन चतुर्थांशापर्यंत सैल भरा, तांदूळ जेमतेम बुडेल एवढं पाणी घाला, तोंडाला केळीच्या पानाचा बोळा. दाबून भरलात तर फुगायला जागा राहत नाही आणि मधला भाग कच्चा राहतो. निखाऱ्यांवर, ज्वाळेत नव्हे, फिरवत फिरवत तासभर. बाहेरून सगळीकडे काळं झालं की थंड करून कोयत्याने साल सोला. आत तांदळाची दांडी पांढऱ्या पापुद्र्यात गुंडाळलेली निघते.

डब्यातला गामोसा

आसामच्या गामोसाला डिसेंबर 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डब्यात भेट म्हणून येणारा मात्र बऱ्याचदा यंत्रमागाचा असतो. हातमागाच्या कापडाच्या दोन्ही काठांना विणताना ताणपट्टीच्या टाचण्यांची बारीक भोकं ठरावीक अंतराने दिसतात, आणि विणीत कुठे ना कुठे किंचित उन्नीस-बीस असतं. काठ अगदी एकसारखे आणि लाल फुलं छापल्यासारखी सपाट असतील तर ते यंत्राचं. एक धागा काढून जाळा: सुती असेल तर कागद जळल्याचा वास येऊन राख उरते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. डब्याच्या किमतीत ‘हातमागाचा गामोसा’ धरला असेल आणि मणी निघाला तर तक्रार करायला हा पुरावा पुरेसा आहे. एरवी बिहूचं खाणं आणि गामोसा वेगवेगळे घ्यावेत. गामोसा बिहुवान, म्हणजे बिहूची भेट, म्हणून दिला जातो तो मुख्यतः बोहागात, तेव्हा निवडही जास्त असते.

मागवायची यादी

चार माणसांच्या घराला एका संक्रांतीपुरतं: बोरा साऊल एक किलो, कोमल साऊल दोन किलो, तिळाचे लारू अर्धा किलो, मिळाला तर हुरूम एक पाकीट. काळे तीळ इथल्याच वाण्याकडून घ्या, पण ओल्या पांढऱ्या फडक्यात चोळून पाहा. थोडी जांभळट छटा उतरणं स्वाभाविक आहे, शाईसारखा काळा डाग पडला तर रंगवलेले आहेत. तुलना करताना डब्याची किंमत पाहू नका. आतल्या प्रत्येक जिनसाचं वजन मांडून किलोचा भाव काढा. पुष्कळ डब्यांत वजनाचा मोठा वाटा चिरा आणि मुरीचाच भरतो.

तांदूळ आला की एक दिवस उन्हात पसरून हवाबंद डब्यात भरा. बोराला सोंडे लवकर लागतात; जागा असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. पावसाळ्यापर्यंत उरला तर भिजवून, वाटून, गूळ घालून घावन घालून संपवा, कारण पुढच्या माघापर्यंत तो पिठ्याच्या लायकीचा राहत नाही.